फंड की पेन्शन?

रेल्वेत पंचवीस-तीस वर्षं काढलेली माणसं एका बाकावर बसली, की किस्से आपोआप साठतात. त्यासाठी कुणाला पोटाला चिमटा काढावा लागत नाही. पैशाचं तसं नाही!

सत्तरच्या दशकात मी सोलापूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात क्लार्क होतो. ऑफिसच्या मागं लिंबाखाली एक बाक होता. दुपारच्या चहाला तिथं आम्ही चौघं जमायचो. मी, बिल सेक्शनचे बिराजदार, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, इंजिन ड्रायव्हर इस्माईलचाचा, आणि माने गार्ड.

त्या वर्षी बाकावर एकच विषय होता. माने रिटायर व्हायला आले होते आणि फंड घ्यायचा की पेन्शन, हे त्यांना लिहून द्यायचं होतं. एकदा लिहून दिलं की बदल नाही. मान्यांना मुलगा नव्हता. एकुलती मुलगी नातेपुत्याला दिलेली, आणि तिचाच संसार ओढाताणीचा. म्हणजे नवराबायकोचं सगळं म्हातारपण त्या एका सहीवर! त्यांच्यापेक्षा मलाच जास्त काळजी, कारण गाडी वेळेवर सोडणं सोडलं तर माने कशाचीच काळजी करत नसत.

*

सर्क्युलर आलं त्या दिवशी अण्णांनी ते सगळ्यांना समजावून सांगितलं. अण्णा अक्कलकोटकडचे. रागावले की थेट कानडीत शिरायचे, पण समजावताना मात्र मास्तरांसारखे शांत.

"हे बघा, फंड म्हणजे सगळी रक्कम एकदम हातात. मग तुमचा आणि रेल्वेचा राम राम. पेन्शन म्हणजे थोडी थोडी, दर महिन्याला, मरेपर्यंत. आणि मागं बायको राहिली तर तिलाही थोडी मिळते."

शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही, कारण तोवर चाचा ताडकन उभे राहिले होते.

"क्या बोलते अण्णा! काम नै करना, फिर बी पगार मिलना?"

"हो."

"मरे तलक?"

"मरेपर्यंत!"

"तो फिर अब्बीच देव ना! भट्टी के सामने कायको भूनते हमको?"

*

फंडवाल्यांचे किस्से तर आमच्याकडे ढिगानं होते. मोडनिंबचे एक भोसले ड्रायव्हर होते. फंड घेतला तेव्हा निम्मं गाव त्यांना न्यायला स्टेशनवर आलं होतं. गळ्यात इतके हार की माणूस दिसेना. आठ दिवसांत भाच्यानं गळ घातली आणि दोघांनी भागीत ट्रक घेतला.

वर्ष-दीड वर्षानं भोसले बाकावर येऊन बसले. गालफडं बसलेली. चाचांनी विचारलं, "क्यूं भोसले, ट्रक कैसा चलता?"

"पुडची चाकं भाच्याची, मागची माजी," भोसले म्हणाले. "भाडं पुडच्या चाकाला मिळतं. फुटत्यात तेवडी मागची!"

आम्ही पोट धरून हसलो. भोसलेही हसले. मग चहा संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाबू, कुटं गोडाऊनवर वॉचमनची जागा हाय का बगा की."

*

पण पेन्शनवाल्यांचं सगळं सुखाचंच असायचं, असंही नाही. आमच्या ओळखीतल्या एका तिकीट कलेक्टरांनी मोठ्या विचारानं पेन्शन घेतली आणि दुसऱ्याच महिन्यात ते गेले. मातीला आम्ही सगळे होतो. परतताना माने हळहळत म्हणाले, "बगा! तीस वर्साचा फंड पान्यात गेला."

"अहो, माणूस गेला!" अण्णा भडकले.

"त्ये तर गेलंच की. पर फंड बी गेला न्हवं!"

त्या दिवसापासून मान्यांचं मन फंडाकडं झुकलं. अण्णांनी किती समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

*

चाचा मान्यांच्या आधी रिटायर झाले आणि त्यांनी डोळे झाकून पेन्शन घेतली. पहिली पेन्शन हातात पडली तशी चाचीला घेऊन बेंगळूरला निघाले. उभा जन्म इंजिनात गेलेला, डब्यात बायकोशेजारी बसायची ही पहिलीच वेळ. आठवड्यानं परत आले ते जरा खजील होऊनच.

"काय झालं चाचा?"

"क्या होना? टेशन आया की मैं उतरता, इंजन देखने कू जाता. पानी बराबर लिया क्या, आग कैसी है. दो टेशन हुए, तीन हुए. फिर तुमारी चाची मेरा हाथच पकड ली. बोली, अजी, उमरभर इंजन देखे ना? अब जरा मेरे कू देखो!"

"मग?"

"मग काय, देखा!" चाचा हसले. "बुढ्ढी हो गई रे बाबू. मेरे कू मालूमच नै था." आणि खांद्यावरच्या पंच्यानं त्यांनी डोळे पुसले.

माने त्या दिवशी चहा न घेताच ड्युटीवर गेले. मला वाटलं, चाचांचं ऐकून तरी माणूस वळेल. कसलं काय!

*

पुढच्याच आठवड्यात माने खुशीत बाकावर आले. अण्णांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "मिटलं सगळं! ज्योतिषाकडं जाऊन आलो. पत्रिका दावली. किती जगनार, त्येच इचारलं सरळ."

"अय्यो देवरे!" अण्णांचा कप हिंदकळला. "काय म्हणाला मग तो?"

"तिरसट! साटावर तीन. त्येच्या म्होरं काय न्हाय म्हनला. आता तुमीच सांगा, गाडी तिरसटलाच थांबनार, तर म्होरचं तिकीट कशापायी काडू? फंड घेतो, पाच वर्सं राजावानी खातो, आन् जातो!"

"आणि त्याला दक्षिणा दिलीत?"

"सव्वा रुपाया."

आपल्या मरणाची वेळ विकत घेऊन आलेला इतका आनंदी माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला भयंकर राग आला. चहा तसाच टाकून मी ऑफिसात निघून गेलो आणि दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

*

मुदतीच्या आदल्या दिवशी अण्णा मला घेऊन मान्यांच्या क्वार्टरवर गेले. "शेवटचं सांगून बघू," म्हणाले. माने खाटेवर पेन उघडून बसलेच होते. आमचं काही ऐकून घ्यायलाही तयार नव्हते. गोदावहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. नवऱ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, आणि आमच्यापुढं कधी फारसं न बोलणाऱ्या.

"कसली सई करताय?" त्यांनी विचारलं.

तीस वर्षांच्या संसारात मान्यांनी बायकोला ऑफिसचं काही सांगितलं असेल तर ते त्या दिवशी. फंड, पेन्शन, ज्योतिषी, तिरसट, सगळं सांगितलं. वहिनी पदराचं टोक धरून ऐकत होत्या.

"ज्योतिषाला तुमचंच इचारलं व्हय?"

"मग? नोकरी माजीच की."

"आन् माजं?"

"तुजं काय?"

"तुमच्या मागं मी किती वर्सं हाय, त्ये न्हाय इचारलं?"

अण्णा खिडकीतून बाहेर बघत राहिले. मलाही कुठं बघावं कळेना. चहावर साय धरली. मग मान्यांनी पेन अण्णांपुढं धरलं.

"अण्णा, तुमीच लिवा. पेन्शन."

*

पाच वर्षं त्या दोघांनी फार सुखात काढली. माने पेन्शन आणायला निघाले की वहिनी बरोबर असायच्या. येताना भजी खायची, कधी सिनेमा, जानेवारीत गड्ड्याची जत्रा. गार्डाच्या नोकरीत यातलं एकही जमलं नव्हतं. आणि मग त्रेसष्टाव्या वर्षी, छातीत कळ आल्याचं निमित्त होऊन, माने गेले. अगदी ज्योतिषानं सांगितलं होतं तसे!

काही महिन्यांनी मी आणि अण्णा वहिनींना भेटायला गेलो. रेल्वेचं क्वार्टर सुटल्यावर घेतलेली भाड्याची एक खोली होती. केमहून मान्यांचे धाकटे भाऊ आले होते. वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होत्या.

"त्यो ज्योतिषी खराच निगाला की वो," भाऊ आम्हाला म्हणाले. "दादानं तवा फंड घेतला आसता, तर पाच वर्सं राजावानी ऱ्हायला आसता. पेन्शनीपायी लई फसला बगा."

अण्णांच्या कपाळाची शीर उडायला लागली. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. वहिनींनी ताट केलं, पिठलं वाढलं, वर गरम भाकरी ठेवली आणि ताट दिरापुढं सरकवलं.

"भावजी, आदी जेवून घ्या. ज्वारी ह्याच म्हयन्याच्या पेन्शनीतली हाय."