ताईनेही बघितलंय

आमचा कुलूप दुरुस्तीचा धंदा वडिलांपासूनचा. ते गेल्यावर हत्यारं धाकट्या भावाने घेतली, गिऱ्हाईक मी. वाटणी योग्यच होती. त्याला बोलायचा कंटाळा आणि मला गप्प बसायचा. हातात कानस आली की त्याला भूकही आठवायची नाही.

वडिलांचा एक नियम होता. कोणी येऊन म्हणालं, "माझ्या कुलपात कोणीतरी तार घातली होती," तर वाद घालायचा नाही. "हो, जरा खरवडलंय खरं," म्हणायचं, आतले लिव्हर बदलायचे, नवी किल्ली हातात द्यायची. दहांतल्या नऊ कुलपांना काही झालेलं नसतं, पण माणूस निश्चिंत होऊन घरी जातो.

एके दुपारी धाकट्याने घराचंच कुलूप खोलून माझ्यापुढे ठेवलं. "ताई, बघ. कोणीतरी आत शिरायला बघतंय."

मी चष्मा लावला. रोजच्या किल्लीने पडतात तेवढेच ओरखडे होते. पण त्याचा चेहरा इतका उतरलेला की माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "हो रे, जरा खरवडलंय खरं."

त्याने कुलूप बदललं. पंधरा दिवसांनी पुन्हा. मग दर आठवड्याला. मी चिडवायचे, "अरे, आपल्या घरात चोर शिरलाच तर कीव येऊन काहीतरी ठेवून जाईल." तो हसायचा नाही. आधीही कमीच हसायचा, म्हणून ते कुणाला खटकलं नाही. अंघोळ चुकवायला लागला; म्हटलं, कामात आहे. कानस मध्येच थांबवून हळूच कुणाला तरी उत्तर द्यायचा. म्हटलं, स्वतःशी बोलतोय, मीही बोलते. आई म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची. बाहेर बोलू नकोस." म्हणजे तिलाही कळत होतं. दोन वर्षं मी दर वेळी चष्मा लावून तेच वाक्य म्हटलं. आता त्या वाक्याची मला शिसारी येते.

मग त्याने एका बाईंची किल्ली त्यांनाच परत द्यायला नकार दिला. म्हणे, यांना 'त्यांनी' पाठवलंय. दुकानापुढे गर्दी जमली. त्यानंतर तीन दिवस तो जेवला नाही. "झोपेचं औषध घेऊन येऊ," एवढ्यावरच तो माझ्याबरोबर दवाखान्यात यायला तयार झाला.

डॉक्टरीणबाईंना घाई नव्हती. काही आवाज ऐकू येतात का, असं त्यांनी विचारलं आणि त्याने सरळ सांगून टाकलं. "दोघं असतात. मी काय करतोय ते एकमेकांना सांगतात. आता कानस उचलली, आता पाणी प्यायला." दुकानात त्याच्यापासून हातभर अंतरावर मी दोन वर्षं बसले होते. मला कधी विचारायचं सुचलं नाही.

त्यांनी रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, दारू-नशेचं विचारलं. पुढच्या वेळी सगळे रिपोर्ट चांगले आले. मी मूर्खासारखी खूश झाले.

"हा आजार रक्तात दिसत नाही," बाई म्हणाल्या. "दुसरं काही नाही, एवढंच हे कागद सांगतात. ऐकू येणारे आवाज, काही केल्या न हलणारा संशय, स्वतःकडे दुर्लक्ष, आणि हे सगळं किती काळ चाललंय, यावरून निदान करतो आम्ही. हा स्किझोफ्रेनिया आहे. यात कुणाची चूक नाही. गोळ्यांनी पुष्कळ फरक पडतो, पण त्या घ्यायला हव्यात. आणि आधीच उशीर झालाय."

धाकटा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मला वेड लागलंय असं तुम्हाला वाटतंय. हरकत नाही. पण ताई धंद्यातली आहे. तिला विचारा. दर वेळी तिनेही बघितलंय." आणि तो माझ्याकडे बघून हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

जगात त्याचा विश्वास उरलेलं माणूस मी एकटी होते. हो म्हटलं असतं तर तो माझा राहिला असता आणि गोळीला हात लावला नसता. माझी जीभ कधी अडखळत नाही, त्या दिवशी अडखळली.

"खुणा नव्हत्या रे," मी म्हटलं. "एकदाही नव्हत्या. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलले."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने आपली खुर्ची माझ्यापासून दूर ओढली आणि बाईंच्या जवळ वाकून अगदी हळू विचारलं, "हिला कधीपासून सामील करून घेतलंय त्यांनी?"