पेलेटच्या शेगडीचा चौथा बोल्ट

आमच्या स्वयंपाकघरात पेलेटची शेगडी आहे. मलकापुरातल्या एका खानावळीने गॅस घेतला तेव्हा मी ती जुनी विकत आणली. कपाशीची वाळकी पऱ्हाटी आणि सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, दाबून केलेल्या खडूएवढ्या कांड्यांवर, म्हणजे पेलेटवर, ती चालते. तिच्या पाठीला एक ब्लोअर आहे. तो धूर ओढतो आणि पाइपातून छपरावर सोडतो. शेगडी घेतली ती या ब्लोअरसाठीच. आईला दमा आहे. डॉक्टरांनी तिचा धूर बंद केला, आणि गॅसवरची भाकर तिने स्वतः बंद केली. गॅसवर भाकर वाळते, भाजत नाही, असं तिचं मत आहे. दोघांचंही ऐकायचं तर एवढी एकच सोय होती.

या हिवाळ्यात ब्लोअर अडकला. बटण दाबलं की मोटर घुमायची, पंखा हलायचा नाही, धूर घरात. मोटर दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर ब्लोअर काढून आणा म्हणाला. शेगडीसकट आणू का, असं मी विचारलं. त्यापेक्षा घरासकटच आणा ना भाऊ, असं त्याने सुचवलं.

रविवारी कामाला लागलो. आधी प्लग काढला. राख थंड आहे याची खात्री केली आणि प्लग काढल्याची पुन्हा एकदा. ब्लोअरची पाटी वीतभर चौकोनी. अशा पाटीला चार कोपऱ्यांत चार बोल्ट असायला हवेत. मला तीन दिसले. गंज सोडवायचं तेल टाकलं, चहा होईपर्यंत थांबलो आणि दहा नंबरच्या पान्याने तिन्ही काढून वाटीत ठेवले. ब्लोअर जागचा हलला नाही.

खालच्या डाव्या कोपऱ्यात बोल्ट नव्हता. तिथे दगडासारखा कठीण, राखाडी लेप होता. आगीपासून बचाव म्हणून कंपनीने भरलेला तो मसाला, असं मी धरून चाललो होतो. आलेल्या पाहुण्यांना मी तो दाखवतही असे. आता असं काम कुणी करत नाही, असं म्हणत असे. त्याला टवका जाऊ नये म्हणून मी त्यावर फडक्याची घडी ठेवली आणि वरच्या फटीत पेचकस घालून हातोडीने ठोकू लागलो. चौथा बोल्ट नसण्याचं कारणही मी शोधलं होतं. खाली काजळी साचणार, म्हणून तिथे भोकच ठेवलं नसेल. तर्क चांगला होता.

बायको येऊन सांगून गेली की घरात गॅस आहे आणि पुष्कळ माणसं त्यावर जगतात. आई ओसरीत हरभरा सोलत होती. दुपारपर्यंत पाटी वाकली, ब्लोअर तिथेच. संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावतो, असं मी जाहीर केलं.

आई उठली, झाडू घेऊन मागच्या अंगणात गेली आणि जुनी मातीची चूल झाडायला लागली. पहिल्याच धुळीला तिला ढास लागली. ती खाली बसली, श्वास जागेवर येऊ दिला आणि पुन्हा झाडायला लागली. मी जाऊन झाडू काढून घेतला.

"खरंच भंगारात देतं का बे तिले?" तिने विचारलं.

"निघतच नाही तर काय करू? तिथं बोल्टच नाही."

"हाय बोल्ट. मातीखाली हाय."

"माती नाही आई, ते कंपनीचं आहे."

"कंपनी येते का सारवाले? मीच लावलं ते. अंगाले माती नसली त चूल उघडी दिसते बाप्पा."

मग सगळं कळलं. यंत्राला पाणी-माती लावायची नाही, असं मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. म्हणून दर शुक्रवारी, मी कामावर गेलो की, ती पांढऱ्या मातीत फडकं बुडवून पोतेरं फिरवायची, पण फक्त पाठीमागून, हात पोचेल त्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. समोरून फिरवलं असतं तर मला दिसलं असतं.

लेपावर पाणी शिंपडलं आणि चमच्याने खरवडला. थर दोन सूत, म्हणजे पाव इंच, निघाला. मातीमुळे त्या बोल्टला गंज अजिबात नव्हता, चारांत तोच सगळ्यात सोपा सुटला. ब्लोअर हातात आला. पंख्यात डांबरासारखी काजळी होती आणि काजळीत मातीचा एक खडा. मी तो आईला दाखवला. "एवढासा," ती म्हणाली.

दुरुस्तीवाल्याने ब्लोअर साफ केला, पाटी सरळ केली. बसवल्यावर मी नियम सांगितले. आधी प्लग काढायचा, शेगडी थंड होऊ द्यायची, आणि पाठीला माती नाही. आईने मान हलवली.

शुक्रवारी घरी आलो तर शेगडी चारही बाजूंनी सारवलेली. पाठीमागे मात्र चारही बोल्टभोवतीची जागा गोल सोडलेली, आणि सापडावेत म्हणून प्रत्येकावर हळदीकुंकू. मी पाना लावून पाहिला. चारही ठिकाणी बरोबर बसला.

आई समोर बसून भाकर थापत होती. खोकत नव्हती. मी बाहेर जाऊन छपराकडे पाहून आलो. धूर तिकडेच होता.