बोट कसंय?

आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही, हे वारज्यात आमच्या आळीला चांगलं ठाऊक आहे. शेजारच्या बाईंनी नवी साडी नेसून हौसेनं विचारलं, "कशी दिसते हो, रामदासभाऊ?" तर हे म्हणाले, "पडद्याचं कापड वाटतं." त्या बाई नंतर वर्षभर माझ्याशी बोलत नव्हत्या. माझ्याशी! हे आयुष्यभर बस डेपोच्या वर्कशॉपात रंगारी म्हणून राबले, पण आजारपणाचं खोटं कारण सांगून एक रजा घेतली नाही. रोज सकाळी बुद्धवंदना म्हणतात आणि पंचशीलातल्या चौथ्या शीलाशी आले, म्हणजे खोटं बोलणार नाही असं जे म्हणायचं तिथे आले, की ह्यांचा आवाज जरा चढतो. मला ऐकवायला चढत असावा.

अशा माणसानं मला महिनाभर फसवलं. आणि तेही एक अक्षर खोटं न बोलता! तेच सांगायला बसलेय.

आमची निकिता हिंजवडीत नोकरीला होती. रोज कंपनीच्या बसमध्ये बसून बसून कंटाळली आणि हॉलंडला निघून गेली. ग्रोनिंगन नावाचं गाव. तिथे म्हणे राहायला जागा मिळत नाही. मिळाली तर परवडत नाही. मग ह्या पोरीनं काय करावं? कालव्यात उभी असलेली एक जुनी लोखंडी बोट विकत घेतली आणि तिच्यात संसार मांडला.

"अगं, लोक फ्लॅट घेतात, गाडी घेतात. तू होडी घेतलीस?" मी म्हटलं.

"होडी नाही गं आई, हाउसबोट आहे. बेडरूम आहे, किचन आहे."

कालवा म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आपला खडकवासल्याचा कालवा, त्यात म्हशी आणि निर्माल्य. त्यात माझी पोर राहणार म्हणून मी दोन दिवस नीट जेवले नाही. ह्यांचं भलतंच. निकितानं पाठवलेल्या फोटोत बोटीच्या कडेला गंज दिसला आणि ह्यांचे डोळे चमकले. "घासून, प्रायमर मारून दोन हात दिले ना, नवी दिसेल," म्हणाले. निवृत्त झाल्यापासून घरातल्या खिडक्या तीनदा रंगवून झाल्या होत्या. त्यांच्या हातांना काम हवंच होतं.

आम्ही दोघं जाणार होतो. पण सून उत्कर्षा बाळंतपणाला आली होती आणि तिला आई नाही. मी राहिले, हे गेले. जाताना मी शंभरदा बजावलं, गोळ्या वेळेवर घ्या, पाय जपा. ह्यांना साखरेचा आजार जुना. आधी पायांना मुंग्या यायच्या. मग त्या यायच्या बंद झाल्या, तेव्हा हे म्हणाले, "बरं झालं, गेल्या एकदाच्या." गेल्या कुठल्या! पायांतली जाणीवच निघून चालली होती.

तिकडे थंडी पडली आणि बोट उबदार ठेवणारं यंत्र बंद पडलं. त्याचा सुटा भाग मिळेना. म्हणून निकितानं एक छोटी विजेची शेगडी आणून दिली. हे तिच्यापुढे पाय पसरून पेपर वाचत बसायचे. पाय शेगडीला टेकला तरी ह्यांना पत्ता नाही. मोजा करपल्याचा वास आला तेव्हा खाली पाहिलं. अंगठ्याशेजारचं बोट भाजलं होतं.

व्हिडिओ कॉलवर मला सांगितलं, "जरासं भाजलंय."

"डॉक्टरांना दाखवा."

"दाखवतो."

ह्यांच्या 'दाखवतो'ला तारीख कधीच नसते. मग मी रोज फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायचे. बोट कसंय? आणि हे हसतमुखानं म्हणायचे, बोट ठीक आहे. कधी म्हणायचे, बोट झकास. मग फोन फिरवून खिडकीबाहेरची बदकं दाखवायचे. मीही वेडी, बदकं बघत बसायचे. आमच्या ह्यांच्या शब्दावर संशय घ्यायची मला सवयच नव्हती हो.

मध्ये एकदा निकिताकडून कळलं होतं की बोटीचा तळ पातळ झालाय, तिला पाण्याबाहेर काढून नवे पत्रे जोडावे लागतील. म्हटलं, असेल बाई. घराला गळती लागते तशी बोटीलाही लागत असेल.

उत्कर्षाला मुलगी झाली. मी तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळत होते, हात तुपानं माखलेले, तेवढ्यात निकिताचा फोन आला. उत्कर्षानं तो माझ्या कानाशी धरला.

"आई, बोट काढावं लागणार आहे."

आमची निकिता इंग्रजी शाळेतली. तो खुर्ची, ती टेबल, असलं मराठी. लहानपणापासून सुधारून सुधारून माझी जीभ झिजली. मी म्हटलं, "काढावं नाही गं, काढावी. ती बोट! किती वेळा सांगायचं तुला? आणि कधी काढणार आहेत?"

 तशी ती पलीकडे रडायला लागली. "नाही आई. काढावंच. बाबांच्या पायाचं."

लाडू माझ्या मुठीतच चुरला. मी म्हटलं, "फोन दे त्यांना."

आले फोनवर. मी म्हटलं, "अहो, मी रोज विचारत होते ना? रोज! तुम्ही सांगत होतात, ठीक आहे, ठीक आहे!"

तर हे काय म्हणाले असतील? हळूच म्हणाले, "मी खोटं नाही बोललो, शालन. मी आपल्या बोटीचं सांगत होतो."

"बोटीचं? मी बोट 'कसंय' विचारत होते, 'कशीय' नाही!"

"मला वाटलं, तूही निकितासारखं बोलायला लागलीस."

"आणि ती तरी कुठे ठीक होती? तिचा तळ गेलाय!"

"ते नंतर कळलं," म्हणाले. मग त्यांचा आवाज बसला. "तू बाळंतिणीपाशी होतीस. तुला कळलं असतं तर तुझा जीव दोन्हीकडे झाला असता." मी फोन ठेवून दिला. रागानं नव्हे. मला इतकं रडू येत होतं की बोलता येईना.

उत्कर्षा म्हणाली, "आई, तुम्ही जा. माझी मावशी येईल." पोरगी सोन्यासारखी आहे. व्हिसाची मारामारी आमच्या राकेशनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं केली. मी मंडईतून मेतकूट, कोकम आणि काळा मसाला घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले.

मी पोचेपर्यंत ह्यांचं बोट काढून झालं होतं. इस्पितळात भेटले तेव्हा दाढी वाढलेली, पायाला भलंमोठं बँडेज. मला बघून म्हणाले, "जयभीम." मी म्हटलं, "जयभीम. बाकीची बोटं मोजून घेते, तुमचा भरवसा नाही." हसले आणि मग तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसले. डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते निकितानं मला मराठीत सांगितलं. जखम रोज धुवायची, कोरडी ठेवायची, रोज नीट बघायची. पुन्हा चिघळली तर अर्धं पाऊल काढावं लागेल. त्यानंतरचं तिला मराठीत सांगवेना.

आणि घर कुठे, तर गोदीत! बोट तोवर पाण्याबाहेर काढून मोठमोठ्या लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली होती. दार दुमजली घराएवढ्या उंचीवर, आणि वर जायला एक शिडी. मी तर खाली उभी राहून डोक्याला हातच लावला. एका पायावरचा माणूस हिच्यावर चढणार कसा? गोदीच्या मालकानं सामान उचलायचं यंत्र आणलं, त्याच्या फळीवर प्लास्टिकची खुर्ची बांधली आणि ह्यांना तिच्यात बसवून वर उचललं. खाली वेल्डिंगवाले टाळ्या वाजवायला लागले. हे वरून हात हलवत होते, मिरवणुकीतल्यासारखे. मी खालून ओरडले, "अहो, दोन्ही हातांनी धरा!"

गोदीतल्या बोटीत राहणं म्हणजे काय ते मला विचारा. सांडपाणी सोडता येत नाही, म्हणून संडास बंद. आम्ही मायलेकी शिडी उतरून गोदीच्या संडासात जायचो, ह्यांच्यासाठी बादली. दिवसभर तळाशी वेल्डिंग, जळक्या लोखंडाचा वास, आणि घासायला लागले की दात शिवशिवायचे. छत इतकं खाली की निकिता अजून डोकं आपटून घेते. ती कानाला हेडफोन लावून कोपऱ्यात ऑफिसचं काम करायची. मी भाताला मेतकूट लावून तिच्यापुढे ठेवायचे. पण खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं. संध्याकाळी काम थांबलं की तिघं एकाच खोलीत, कुणाला कुठे जायची घाई नाही. पुण्यात असं कधी बसलो होतो, आठवत नाही.

जखमेचं मात्र सगळं अडलं. मलमपट्टीला यायची ती नर्स शिडी चढणार नाही, असा त्यांचा नियम. निकिताला रक्त बघून चक्कर येते. म्हटलं, मी करते. तर हे म्हणाले, "माझं मी करीन." बेडरूमचं दार लावून घ्यायचे, आरसा टेकवायचे आणि काहीतरी खुडबुड करायचे. पाठ वाकत नाही, चष्म्यातून धड दिसत नाही. विचारलं की म्हणायचे, "झालं."

मग एक दिवस मला वास आला. मी अंगणवाडीत आयुष्य काढलंय, पोरांच्या जखमा कमी पाहिल्या नाहीत. तो वास मला कळतो. दार ढकलून आत गेले. पट्टी ओली, भलतीकडेच बांधलेली, कडेनं कातडी काळसर.

"पाय द्या इकडे."

"नको."

"अहो, पाऊल काढतील! ऐकलंत ना तुम्ही? पाय द्या म्हणते!"

"तू खाली नको बसूस, शालन." इतकंच म्हणाले, आणि पाय ओढून घेतला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमचं लग्न झालं तेव्हा बायकांनी मला सांगितलं, नवऱ्याच्या पाया पड. मी वाकले, तर हे घाबरून मागे सरले आणि भर मांडवात म्हणाले, "माझ्या पायाशी कुणी वाकायचं नाही." ह्यांच्या आजोबांना गावात लोकांच्या पायांशी वाकावं लागायचं. ते ऐकत हे वाढले. आमच्या घरात पोरं आम्हाला जयभीम म्हणतात, मान ताठ ठेवून. कधी ताप आला, मी पाय दाबायला गेले, तरी हे पाय आखडून घ्यायचे. मी म्हणायचे, तऱ्हेवाईक आहे माणूस. आता त्याच हट्टापायी पाऊल गमावायला निघाले होते.

मी म्हटलं, "मी पाया पडत नाहीये. जखम धुतेय. एवढा फरक कळत नाही?"

"कळतो," म्हणाले. डोळे भरले होते. "पण तुला खाली बसलेली नाही बघवत मला. काय करू?"

रागावले होते मी. इकडेतिकडे पाहिलं. हे बाकावर बसले होते, त्यांच्या समोर दुसरा बाक होता, तेवढ्याच उंचीचा. मी त्यावर बसले. आता आमचे गुडघे गुडघ्यांना भिडत होते. पदर कमरेला खोचला, मांडीवर स्वच्छ टॉवेल पसरला.

"नाही बसत खाली. आता द्या."

ह्यांनी आधी दोन्ही बाकांची उंची नजरेनं मोजली. मग दोन्ही हातांनी पाय उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मी ह्यांचा पाय हातात घेतला. मी धुतलं, टिपलं, पट्टी केली. हे खिडकीबाहेर बघत होते. मधेच म्हणाले, "दुखत नाही गं." मी म्हटलं, "तेच तर दुखणं आहे."

त्या दिवसापासून रोज मीच केलं. पाऊल राहिलं. पुढे बोट पाण्यात गेली तेव्हा हे काठी न घेता चालत तिच्यावर चढले. डॉक्टरीणबाईंनी माझा हात हातात घेऊन काहीतरी म्हटलं, निकितानं ते सांगायच्या आत मला समजलं.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या दिवसाचं. पट्टी झाली, मी उठायला लागले तर ह्यांनी मनगट धरलं. "बस. तुझी साखर पण काठावर आहे. तुझे पाय कोण बघतं?"

"माझ्या पायांना काय झालंय?"

"मलाही काही झालं नव्हतं. दे."

मी लाजले हो, ह्या वयात. टाचांना ह्या एवढाल्या भेगा. पण ह्यांनी माझा पाय उचलून मांडीवर घेतला, चष्मा पुसला आणि एकेक बोट उघडून बघायला लागले. मग अंगठ्यानं दाबून विचारायला लागले.

"इथे कळतंय?"

"हो."

"इथे?"

 आई गेल्यापासून माझे पाय कुणी हातात घेतले नव्हते. मला हो सुद्धा म्हणवेना. ह्यांनी पुन्हा दाबलं, जरा जोरात. मी गप्प. तशी ह्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

"शालन? अगं, कळत नाहीये का? शालन!"

"कळतंय हो," मी म्हटलं. "सगळं कळतंय मला."