गुरुवारचा भोंगा

माझ्या एकुलत्या एक मुलीचा जन्म झालेलाच नाही, ही गोष्ट मला तिची सुपारी फुटायच्या तीन दिवस आधी कळली. तोवर मी तिला सव्वीस वर्षं वाढवलं होतं, इंजिनिअर केलं होतं आणि तिचं आधार कार्डसुद्धा काढलं होतं!

आता सगळं नीट सांगतो. मी चाकणच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. दिवसभर गाड्यांचे सुटे भाग मोजायचे आणि केसाएवढा फरक निघाला तरी बाजूला काढायचे, हा माझा धंदा. हीच खोड मी पत्रिकांना लावली. कोणाचं लग्न ठरत असलं की पोरं डबा संपवून माझ्याकडे यायची. "राव, जरा गुण बघा की!" मी चष्मा चढवून मोबाईलवर गुण काढून द्यायचो. (मी नापास केलेली तिन्ही लग्नं झाली आणि तिन्ही जोडपी सुखात आहेत. ज्याला मी अव्वल दर्जाचा शेरा दिला, तो हल्ली मला पाहिलं की कँटीनची रांग बदलतो.)

त्यामुळे आमची केतकी "बाबा, मला निखिलशी लग्न करायचंय," असं म्हणाली, तेव्हा मी मुलाचं गाव, घर, पगार काहीच विचारलं नाही. जन्मवेळ विचारली.

"बाबा, तो माणूस आहे. आधी भेटा तरी!"

भेटलो. निखिल वाकडला तिच्याच ऑफिसात होता. मूळचा लातूरकडचा, कमी बोलणारा. चहा झाल्यावर त्यानं सगळ्यांचे कप उचलून आत नेऊन ठेवले. मुलगा मला आवडला, हे कबूल करतो. पण आवडणं वेगळं आणि गुण वेगळे! रविवारी त्याचे आईवडील सुपारी फोडायला येणार होते.

"पत्रिका एकदाच बघा," केतकी म्हणाली. "रविवारी हो किंवा नाही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमच्या मनाविरुद्ध करणार नाही. पण मग दुसरीकडेही करणार नाही."

हे ती आवाज अजिबात न चढवता म्हणाली. आमच्या केतकीचा आवाज चढला नाही की मला भीती वाटते.

गुरुवारी मी दोन्ही पत्रिका घेऊन चिंचवडला जोगळेकरांकडे गेलो. (आमच्या पट्ट्यात रविवार देवाचा आणि आयटीवाल्यांचा. कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. विजेच्या तारांची दुरुस्तीही त्याच दिवशी निघते, म्हणजे लाईटलाही सुट्टी!) जोगळेकर पिंपरीतल्या माझ्या जुन्या कंपनीत टूलरूमला होते. ती कंपनी बंद पडल्यावर ज्योतिषाकडे वळले. भर दुपारी त्यांच्या खोलीत अंधार होता, पंखा बंद होता, आणि ते खिडकीपाशी पत्रिका ड्रॉइंगसारखी उजेडात धरून बघत होते.

"पाण्याचं भय," ते म्हणाले. "पाचव्या वर्षी."

केतकी पाच वर्षांची असताना कॉलनीच्या टाकीत पडली होती. हे मी त्यांना कधीच सांगितलेलं नव्हतं.

"डाव्या भुवईवर खूण."

होती. झोपाळ्यावरून पडल्याची.

"मुलगी वडिलांच्या शब्दाबाहेर नाही. पण वडिलांच्या तोंडून शब्द तिला हवा तोच बाहेर पडतो."

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. जोगळेकरांनी मग निखिलची पत्रिका शेजारी ठेवली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान वर केली.

"छत्तीसपैकी तेहेतीस! अशी पत्रिका मी आजवर जुळवली नाही. फक्त वेळेचं बघा हं. त्या दुपारी तीन चाळीसला चंद्र नक्षत्र बदलतोय. जन्म त्याच्या आधीचा असेल तर तेहेतीस. नंतरचा असेल तर सात, आणि वर एकनाडीचा दोष. मग मी स्वतः सांगेन, हे लग्न करू नका."

"वेळ पक्की आहे," मी छाती पुढे काढून म्हणालो. "साडेतीन! दवाखाना आपल्या कंपनीच्या भिंतीसमोरच होता. सेकंड शिफ्टचा भोंगा झाला तेव्हा मी जिन्यात होतो. (जिन्यात का होतो ते आठवत नाही.) तेवढ्यात नर्स धावत आली आणि पोरगी माझ्या हातात दिली. साहेब, त्या भोंग्यावर अख्खी पिंपरी घड्याळं लावायची!"

जोगळेकरांनी पत्रिका माझ्याकडे फिरवली.

"वरचा वार वाचा."

"गुरुवार."

"मोठ्यानं वाचा."

"गुरुवार!"

"अहो, गुरुवारी कंपनी बंद. मी तिथं एकतीस वर्षं काढली. गुरुवारी भोंगा कधीच वाजला नाही. तुम्ही ऐकलात तो वाजवला कोणी?"

सव्वीस वर्षं तो शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता. गुरुवारची लेक म्हणून मी दत्ताच्या देवळात पेढे वाटले होते. केसाएवढा फरक पकडणाऱ्या माणसानं अख्खा वार सोडला होता!

"मग... ही पत्रिका कोणाची?"

"सांगता येणार नाही. भोंगा नव्हता, म्हणजे ती वेळ नव्हती. त्या वेळेला तुमच्या घरी कोणी जन्मलं असं धरता येत नाही." त्यांनी पत्रिकेची घडी घालून माझ्यापुढे सरकवली. "पण जिची असेल, ती मुलगी या निखिलला अगदी योग्य आहे."

मी बाहेर पडलो तेव्हा ऊन रणरणत होतं आणि मला थंडी वाजत होती. डोक्यात नाही नाही ते येऊ लागलं. दवाखान्यात मुलींची अदलाबदल झाली असेल का? केतकीचं नाक माझ्यासारखं नाही. (ही चांगलीच गोष्ट आहे, असं सगळे म्हणतात, पण त्या दुपारी मला तो पुरावा वाटला!) टाकीत पडणारी, भुवईवर खूण असलेली, निखिलला शोभणारी दुसरीच कोणी मुलगी शहरात कुठेतरी हिंडते आहे, आणि आपण तिची पत्रिका घेऊन फिरतो आहोत, असं वाटायला लागलं.

पाय आपोआप जुन्या कंपनीकडे वळले. गुरुवारचं एमआयडीसी ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळणार नाही. एरवी जिथं शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं स्वतःच्या चपलांचा आवाज मागून कोणी आल्यासारखा येतो. शेडची दारं बंद, चहाच्या टपऱ्या झाकलेल्या, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. आमच्या कंपनीच्या गेटला गंजकं कुलूप होतं. आत कमरेएवढं गवत, आणि छपरावर भोंग्याचा नुसता खांब. भोंगा कोणीतरी केव्हाच काढून नेला होता.

गेटशी एक म्हातारा वॉचमन तंबाखू मळत बसला होता.

"मामा, इथं गुरुवारी कधी भोंगा व्हायचा का?"

"गुरवारी? गुरवारी कोन वाजिवणार? भूत?" तो आपला हसला. मी हसलो नाही.

"आणि समोरचा बाळंतपणाचा दवाखाना?"

"बंद हाय की. धा वर्सं झाली. वर कबुतरं ऱ्हात्यात."

मी घड्याळ पाहिलं. साडेतीनला एक मिनिट होतं. निघून जायला हवं होतं, पण पाय उचलेनात. आणि बरोबर साडेतीनला मी तो ऐकला! लांबून, बारीक सुरू होऊन चढत जाणारा, मग मध्येच थबकून पुन्हा चढणारा. तोच आवाज!

"मामा! ऐकलंत?"

"काय?" मामानं तंबाखू तोंडात टाकली आणि माझ्याकडे, उन्हानं माणसं अशी होतात, अशा नजरेनं पाहिलं.

मी रिक्षा मिळेपर्यंत धावलो. या वयात, या गुडघ्यांनी!

घरी आलो तो सुमन, म्हणजे माझी बायको, गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे काढत होती. मी दार लावलं, तिला आत ओढलं आणि एका दमात सगळं सांगितलं. गुरुवार, चंद्र, कुलूप, खांब, साडेतीन.

"सुमन, खरं सांग. ही पोरगी आपलीच आहे ना?"

सुमननं कपडे खाली ठेवले. पदर तोंडावर धरला. तिचे खांदे हलायला लागले. झालं, मला वाटलं, आता सव्वीस वर्षांचं गुपित बाहेर येणार! आलंच.

"आवं," ती हसू आवरत म्हणाली, "तो भोंगा न्हाई! तुमची लेक रडली व्हती ती!"

"रडली? अशी?"

"अश्शीच! पयल्यापास्नं तिचा आवाज त्योच हाय. तुमी दोन दिवस डबल डूटी करून आलेला, बाहीर बाकड्यावर घोरत पडलेला. ती रडली, तुमी दचकून उठला, आन् दारातनं मला म्हनला, 'सुमन, भोंगा झाला, निघतो मी!' डबा घिऊन जिना उतरायला लागला की! ती नर्स बिचारी पोरगी घिऊन तुमच्या मागं पळली!"

म्हणून मी जिन्यात होतो!

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"माजी आई म्हनली, जावयाची लाज काडू नगं."

"आणि दवाखान्याच्या कागदावर साडेतीन कसं?"

"नर्सनं तुमालाच इचारलं. बापानं भोंगा ऐकलाय म्हनल्यावर तिनं तसंच लिव्हलं. खरी येळ? आवं, मी घड्याळ बघत पडली व्हती व्हय?"

मी सोफ्यावर बसलो. तीन चाळीसच्या आधी की नंतर, तेहेतीस की सात, हे आता जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात लक्षात आलं की दारात केतकी उभी आहे. चावीनं दार उघडून ती कधी आत आली ते कळलंच नव्हतं. ती हसत नव्हती.

"म्हणजे बाबा, माझा पहिला आवाज ऐकून तुम्ही ड्युटीला निघालात?"

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणीही आलं. मग तीच माझ्याजवळ येऊन बसली. मी तिच्या डाव्या भुवईवरच्या खुणेकडे बघत राहिलो. खोट्या वेळेच्या पत्रिकेला ही खूण कशी कळली, ते मला आजही समजलेलं नाही.

"आन् आज दुपारी जे ऐकलं, त्ये बी एखादं बाळ आसंल," सुमन म्हणाली. "समोर दवाखाना हाय की."

दवाखान्यात दहा वर्षं फक्त कबुतरं राहतात, हे मी दोघींना सांगितलं नाही. त्या रस्त्यानं मी अजून गुरुवारी जात नाही.

रविवारी निखिलचे आईवडील आले. पोहे झाले, चहा झाला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. केतकी निखिलकडे न बघता माझ्याकडे बघत होती. मी ठरवल्याप्रमाणे खरं ते सांगून टाकलं: मुलीची जन्मवेळ मी चुकवलेली आहे. पत्रिका आहे, पण ती कोणाची ते सांगता येत नाही.

निखिलची आई हळूच पुढे सरकली.

"भाऊ, बरं झालं तुम्हीच बोललात. आमच्या निखिलची येळ तरी कुठं खरी हाय? घरातलं घड्याळ बंद होतं. टीव्हीवर बातम्या लागल्या तवा झाला, एवढंच ठावं. त्या बातम्या सकाळच्या का संध्याकाळच्या, यावरनं आमच्या आत्याबाईचं आन् सासूबाईचं मरेस्तोवर पटलं न्हाई!"

म्हणजे तेहेतीस गुण जुळले होते ते कधीही न जन्मलेल्या दोघांचे! कुठेतरी त्या दोघांचाही संसार चालला असेल, या कल्पनेनं मला पुन्हा एकदा शहारा आला. पण समोर बसलेले हे दोघे जन्मलेले होते, एवढं मी खात्रीनं सांगू शकत होतो. मुलगी सुखात राहील का, हे मला माहीत नव्हतं. मी घाबरलेलो होतो, आणि ते लपवण्यात आता अर्थ नव्हता.

"हो," मी म्हणालो. "फोडा सुपारी."

केतकीनं तोंडावर हात धरला. सुमननं सुपारी आणि नारळ पुढे ठेवला.

"मग मुहूर्त तुम्हीच काढा," निखिलचे वडील आदरानं मला म्हणाले.

"नको!" केतकी, सुमन आणि निखिल एका सुरात ओरडले. (निखिल इतक्या मोठ्यानं बोललेला मी तेव्हा पहिल्यांदाच ऐकला!)

मुहूर्त पुरोहितांनी काढला, कार्यालय केतकीनं ठरवलं आणि लग्नपत्रिका निखिलनं छापून आणल्या. सुरेख कागद, सोनेरी गणपती, खाली नेहमीप्रमाणे 'कृपया आहेर आणू नये'. त्याच्याखाली तेवढ्याच टाईपात आणखी एक ओळ होती: 'मुहूर्ताची वेळ वधूपित्यास विचारू नये.' आणि त्याखाली, 'आपला नम्र' म्हणून, माझं नाव!