अकरा वाचक आणि माझे साडू

माझ्या साडूंना प्रत्यक्ष देवानं नमुन्यादाखल एखादं नक्षत्र दाखवलं, तरी ते चष्मा पुसून म्हणतील, "छान आहे. आता बाकीची आणा." नमुना या गोष्टीवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. धुळ्याच्या बाजारात दुकानदारानं चवीला एक शेंगदाणा पुढे केला की हे तो खातात आणि गंभीरपणे विचारतात, "हाऊ दाना चांगला शे. बाकीना कसा शेतस?" दुकानदार आता त्यांना लांबून पाहिलं तरी पोतं उघडून आत चहा प्यायला जातो. दुसरी खोड मुळाशी जाण्याची. आमच्याकडे जळगावला एकदा भरीत कडू लागलं, तर सगळ्यांनी ठेचा घेऊन जेवण उरकलं. साडू मात्र दुसऱ्या दिवशी ज्या शेतातलं वांगं होतं त्या शेताच्या बांधावर उभे होते. शेतकऱ्यानं त्यांना सरकारी माणूस समजून नुकसानभरपाईचा अर्ज दिला. तोही त्यांनी पूर्ण वाचला.

असा माणूस धुळ्यात एका लहानशा बातम्यांच्या वेबसाइटचं तांत्रिक काम बघतो. साइटवर कोणतं पान किती जण वाचतात ते मोजणारी एक यंत्रणा असते. गेल्या वर्षी तिच्या अहवालाखाली बारीक अक्षरांत एक ओळ येऊ लागली: गर्दी फार झाल्यामुळे हे आकडे थोड्या भेटींच्या नमुन्यावरून काढलेले आहेत. महिन्यागणिक तो नमुना लहान होत चालला. साडूंचं जेवणावरचं लक्ष उडालं. त्यात मालकांनी तोच अहवाल पुढे करून फर्मावलं, "अहिराणी पानाला वाचक शून्य. महिनाअखेर बंद करा."

ते पान पिंपळनेरच्या एक निवृत्त शिक्षिका लिहीत. सगळे त्यांना अक्का म्हणत. बातमी त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी साडूंना फोन करून एवढंच म्हटलं, "कोनी वाचत नही व्हई ते सांगी दे, भाऊ. मी लिखानं बंद करसू."

साडू कामाला लागले. गर्दी कुठून येते ते शोधलं, तर सगळा लोंढा केळीच्या भावाच्या पानावर आणि तोही फैजपूरकडून. दुसऱ्या कोणी खुर्चीत बसून कारण शोधलं असतं. हे मला जळगावहून उचलून बसनं थेट फैजपूरला. तिथल्या एका केळी व्यापाऱ्याच्या पेढीत भिंतीवर भला मोठा टीव्ही, त्यावर साडूंच्याच साइटचं भावाचं पान आणि दर दहा सेकंदांनी ते डोळा मिचकावल्यासारखं नव्यानं उघडतंय.

"भाव तर सकाळी एकदाच ठरतो ना?" साडू म्हणाले.

"हो."

"मग दिवसभर कशाला लावता?"

"शोभेला. माणूस येऊन बसला की समोर काहीतरी हालतं पाहिजे. आता या रांगेतल्या बठ्ठ्या पेढ्यांनी, एकूण एक सगळ्यांनी लावलंय."

भाव ताजा दिसावा म्हणून पान आपोआप उघडत राहण्याची सोय मालकांनीच करून घेतली होती. प्रत्येक उघडणं एक नवी भेट म्हणून मोजलं जाई, आणि त्या खोट्या जत्रेत मूठभर माणसं उचलून मोजली, तर अक्कांचे वाचक हाताला लागणार कसे? साडूंनी परत येऊन ती सोय काढून टाकली. पण मागच्या वर्षाचे आकडे तसेच चुकीचे उरले होते. एका दिवसापुरता अहवाल मागितला तर गर्दी मर्यादेत राहते आणि मोजणी पूर्ण मिळते, हे कळल्यावर त्यांनी वर्षाचा एकेक दिवस वेगळा काढला. आठवडाभर बायको त्यांना "जेवा" म्हणायची आणि ते "मार्च" म्हणायचे.

निकालाच्या दिवशी मी धुळ्याला साडूंच्या कार्यालयात होतो.

"नेमानं वाचणारे बारा," साडू म्हणाले. "त्यातला एक मी. मला वजा करा. अकरा."

"अकरा माणसांसाठी पान चालवायचं?" मालक म्हणाले.

"तुम्ही शून्य म्हणून बंद करणार होता. शून्य नाहीत. बहुतेक सुरतेचे आहेत, पोटासाठी गेलेले. दर रविवारी उघडतात आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात."

मालकांनी रविवारचे कागद उलटून पाहिले. मग म्हणाले, "राहू द्या."

साडूंनी तिथूनच अक्कांना फोन लावला. पलीकडून त्यांनी विचारलं असावं, किती जण वाचतात. उभ्या आयुष्यात ज्यानं आकडा कधी मोघम सांगितला नाही, तो माणूस माझ्याकडे पाठ फिरवून खिडकीशी गेला आणि हळूच म्हणाला, "बराच शेतस, अक्का. तुम्ही लिखा."