गाव शहरात गेलं तेव्हा

वरुणा नदीपलीकडच्या एका गावात मी ग्रामपंचायतीची सचिव होते. शहरातल्या ब्रह्मा घाटावरच्या घरातून रोज सकाळी स्कूटीने निघायचे. ते गाव महापालिकेच्या हद्दीत गेल्याचा आदेश आला आणि पंचायतीचं दप्तर सोपवायचं काम माझ्यावर पडलं.

घरकुलाच्या यादीत एका एकट्या म्हातारीचं नाव सगळ्यात वर होतं. तिच्या मातीच्या घराची मागची भिंत पावसात खचली होती. ग्रामसभेने नाव मंजूर केलं होतं, घराचा फोटो मोबाइलवरून मीच चढवला होता. "आता घर झालंच समजा, अम्मा," असंही मीच म्हणाले होते.

आदेशानंतर ती यादी निकामी झाली. ग्रामीण योजना शहराला लागू नव्हती आणि शहरी योजनेला जमिनीचा कागद लागत होता. तो गावात फारसा कुणाकडेच नव्हता.

गावची प्रधान, म्हणजे सरपंच, माझ्याच वयाची. ती म्हातारीच्या जागेचा कोरा दाखला घेऊन आली.

"सचिवजी, आदेशाच्या आधीची तारीख घाला. शिक्का अजून माझ्याकडे आहे."

"नाही जमायचं, दीदी. दोघीही अडकू."

"आणि ती भिंतीखाली मेली तर?"

शिक्का टेबलावर ठेवून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी पंचायतीची इमारत सोपवताना मी नोंदीत लिहिलं, 'एक खोली वापरात.'

"कोण वापरतं?" महापालिकेच्या साहेबांनी विचारलं.

"घर पडलेली एक बाई. घर मिळेपर्यंत राहील."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सही केली. मी प्रधानकडे गेले आणि आम्ही दोघींनी म्हातारीची खाट पंचायतीत आणली. तिने छताकडे पाहून विचारलं, "हेच का ते घर?" "तोवर इथे, अम्मा," प्रधान म्हणाली.

तिथे तिने दोन पावसाळे काढले. तिचा शहरी अर्ज मी तीनदा भरला, तिन्ही वेळा तो परत आला. मग एका सकाळी प्रधानचा फोन आला. ती आता कशाचीच प्रधान राहिली नव्हती, तरी गाव तिला तसंच म्हणे.

"अम्मा गेली."

मी विचारलं, "दीदी, तेव्हा मी तारीख घालायला हवी होती का?"

"मलाही कळत नाही," ती म्हणाली. "माणसं जमली आहेत. तुम्ही या."

मी गेले.