शुक्रवारची पाचवी

म्हाताऱ्या माणसाला एका जागी बसवून ठेवलं की त्याच्याभोवती किस्से जमतात. मागावे लागत नाहीत. मी इथं अमेरिकेत, बॉथेलला मुलाकडे आलो, नातीच्या वर्गात दर शुक्रवारी बसायला लागलो, आणि थोड्याच दिवसांत एवढे जमले की कुणाला सांगितल्याशिवाय आता जेवण पचत नाही. तुम्ही सापडलात. बसा.

आधी घरचं सांगतो, म्हणजे मध्येमध्ये विचारू नका. मुलगा सुनील, सून रश्मी, नात संघमित्रा. तिला आम्ही मित्रा म्हणतो. दोन वर्षांची असताना नागपूरहून आली, आता पाचवीत आहे. पाचवी म्हणजे त्या शाळेतलं शेवटचं वर्ष. जूनमध्ये सगळ्या पोरांना स्टेजवर बोलावून निरोप देतात. मी आलो आणि सुनीलच्या कंपनीने त्याला काढलं. माझा पायगुण म्हणा! व्हिसा त्या कंपनीच्या जिवावर. मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर सामान बांधायचं.

पोरीचं म्हणणं एकच. "आजोबा, मला फक्त जूनपर्यंत राहायचंय." महागाचा फोन मागितला असता तर मी ओरडलो असतो. जून मागणाऱ्या पोरीवर कसं ओरडायचं?

आणि हो, वर्गातलं इंग्रजी मला मित्रा घरी येताना मराठी करून सांगते. म्हणून या किश्श्यांत सगळे गोरे मराठी बोलताना दिसतील. चालवून घ्या.

*

वर्गात बसायचं तर आधी ऑनलाइन फॉर्म. सुनील लॅपटॉप घेऊन बसला. "बाबा, कधी अटक झाली होती का, विचारलंय."

"झाली होती ना! मोर्चात होतो. एक रात्र लॉकपमध्ये काढली. लिही."

"बाबा, गप्प बसा. नाही लिहितो."

"काहून नाही? चोरी केली का मी? पाण्याच्या नळासाठी गेलो होतो."

सुनीलने कपाळाला हात लावला. शेवटी त्याने खरं तेच लिहिलं आणि मला वाटलं, संपलं, आता बसा घरी. तिसऱ्या दिवशी मित्राच्या बाईंचा, मिसेस पार्करांचा, निरोप आला. "शुक्रवारी या. आणि पोरांना तो नळ मिळाला का, तेवढं सांगा."

मिळाला होता. पाणी दोन वर्षांनी आलं.

*

माझं शिक्षण चौथी पास. पाचवीत नाव घातलं आणि बापाने कामाला लावलं. पुढचा सगळा जन्म गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये टायर चढवण्यात गेला. म्हणजे पाचवीचा वर्ग आतून मी पहिल्यांदा इथंच नीट पाहिला. खुर्ची एवढीशी. बसलो की गुडघे छातीला.

मला वाटलं, बाई मला एका कोपऱ्यात ठेवतील, कुंडीसारखं. तर त्यांनी मला काम दिलं! वाचनात कच्ची असलेली पोरं एकेक करून माझ्याकडे पाठवायची. त्यांनी मोठ्याने वाचायचं, मी ऐकायचं.

मी मित्राला म्हटलं, "तुझ्या बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना? मला येस, नो आणि थँक्यूच्या पुढे काही येत नाही."

पहिला आला डिएगो. बारका, केस डोळ्यांवर. अडखळत वाचायचा, मधेच थांबून माझ्या तोंडाकडे बघायचा, आणि माझ्या चेहऱ्यावर काहीच नाही म्हटल्यावर परत सुरू. चौथ्या शुक्रवारी आख्खं पान न थांबता वाचलं. बाईंनी विचारलं, "डिएगो, माझ्यासमोर तर तुला एक ओळ जमत नाही, इथं कसं काय?"

तो म्हणाला, "मिस्टर आजोबाला इंग्रजी येत नाही ना. म्हणून त्याच्यासमोर मला येतं."

इंग्रजीत आजोबालाही अरेतुरेच. तेव्हापासून आख्ख्या वर्गाचा मी मिस्टर आजोबा.

*

त्या वर्गात पोरांना दर महिन्याला कामं वाटून देतात. कुणी दार धरायचं, कुणी झाडांना पाणी, कुणी रांगेत पुढे. एक काम असं, की जो गैरहजर असेल त्याचा अभ्यास गोळा करून फाइलमध्ये ठेवायचा. त्यावर पोरं भांडतात, कारण बाईंच्या टेबलाशी बसायला मिळतं.

बाई पुढच्या महिन्याची कामं वाटत होत्या. हे काम मित्राला आलं. ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाला द्या."

"का? तुला तर हवं होतं."

"मी पण कदाचित अ‍ॅबसेंट असेन."

"किती दिवस?"

"अजून माहीत नाही. पप्पा रोज इंटरव्ह्यू देतायत."

वर्गात कुणाला काही कळलं नाही. शेजारच्या पोरीने विचारलं, "दाताच्या डॉक्टरकडे जायचंय का?" मित्रा म्हणाली, "हो."

*

वर्गात काचेची मोठी टाकी. त्यात सॅमन माशाची अंडी आणून ठेवलेली. अंड्यांतून पिल्लं आली, दर आठवड्याला पोरं त्यांची लांबी मोजणार, पाणी किती थंड ते बघणार. मग बस करून सगळा वर्ग ओढ्यावर गेला. पाऊस, चिखल, मी सुनीलचं जॅकेट घालून. प्रत्येक पोराच्या हातात प्लॅस्टिकचा पेला, पेल्यात एक पिल्लू.

बाईंनी सांगितलं, हे मासे समुद्रात जातात, मोठे होतात आणि काही वर्षांनी बरोबर याच ओढ्यात परत येतात.

मित्राने विचारलं, "पण यांची अंडी तर दुसरीकडून आणली होती. मग घर कुठलं धरायचं? अंडं होतं तिथलं, की वाढले तिथलं?"

बाई म्हणाल्या, "मासे शेवटचा वास लक्षात ठेवतात. जिथून सोडलं, तिथं परत येतात."

सगळ्या पोरांनी पेले ओतले. मित्रा पेला धरून तशीच बसलेली. मी म्हटलं, "ओत ना गं, माझे पाय गोठले."

"थांबा आजोबा, त्याला नीट वास घेऊ द्या."

बस आमच्यासाठी थांबून राहिली.

*

आमच्या घरी शनिवारी ओळखीची मंडळी येतात. सगळे आपल्याकडचे, शिकलेले, जय भीम करून आत येणार, हातात डबा. सुनीलची नोकरी गेल्यापासून डबे वाढले. चांगली माणसं आहेत, कुणी कुणी रात्री जागून त्याचा बायोडाटा पुढे पाठवलाय, खोटं कशाला बोलू. पण माणूस बोलायला लागला की त्याचं काही खरं नसतं.

एक जण, चांगला डॉक्टरेट केलेला, मला म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका. आता नागपूरलाही एकदम टॉपच्या शाळा झाल्यात. मुलांना तर तिकडेच बरं."

मी म्हटलं, "हो का? मग तुझी दोन्ही पाठवून दे. मित्राला सोबत होईल."

सून पाणी आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. पाहुणा लवकर उठला. डबा मात्र ठेवून गेला. वांग्याची भाजी होती, तिखट बरोबर पडलं होतं.

*

मिसेस पार्करांची एक रीत आहे. शुक्रवारी सुट्टीच्या आधी सगळ्यांनी गोल बसायचं आणि या आठवड्यात काय शिकलो ते एका वाक्यात सांगायचं. मित्राने ते घरी आणलं. शुक्रवारी रात्री ताट पुढ्यात आलं की आधी सांगायचं, मग जेवायचं.

मी सांगितलं, "मी शिकलो की इथं कचऱ्याचे डबे तीन रंगांचे असतात आणि मी नेहमी चुकीच्या डब्यात टाकतो."

रश्मी म्हणाली, "मी शिकले की सोफा विकायला काढला की लोक पंचवीस प्रश्न विचारतात आणि येत नाहीत."

सुनील ताटाकडे बघत बसलेला. मित्रा म्हणाली, "पप्पा, your turn."

"मी शिकलो," तो म्हणाला, "की 'आम्ही तुम्हाला कळवू' म्हणजे नाही."

मित्राने मान डोलवली, बाई डोलवतात तशी. "गुड शेअरिंग, पप्पा. जेवा आता."

*

मग नकाशाचा आठवडा आला. भिंतीवर जगाचा नकाशा. प्रत्येकाने आपल्या घरची माणसं कुठं कुठं आहेत तिथं टाचणी लावायची. मित्राने नागपूरला लावली, तिची आत्या असते. माझी टाचणी मीच बॉथेलवर लावली. लांब नव्हतं, हात पुरला.

डिएगो टाचणी घेऊन उभा. बाईंनी हळूच विचारलं, "कुठं शोधतोयस?"

"ग्वाटेमाला. पप्पांना सरकारने पाठवलं तिकडे. आधी इथंच होते, आपल्या शाळेमागच्या इमारतीत."

बाईंनी त्याला जागा दाखवली. त्याने टाचणी लावली, मागे सरून बघितलं आणि म्हणाला, "एवढंसंच अंतर आहे."

वितीएवढं होतं. मी माझी वीत लावून पाहिली.

*

आता शेवटचं. सुनीलला नोकरी लागली नाही. तिकिटं काढली. शुक्रवारच्या गोलात मित्राची पाळी आली तेव्हा तिने सांगितलं, "या आठवड्यात मी शिकले की आम्ही पुढच्या रविवारी जातोय. कायमचं." बाईंनी तिच्यानंतरच्या पोराला बोलायला लावलं नाही, तसंच सोडून दिलं.

पुढचा शुक्रवार तिचा शेवटचा. त्या आठवड्यात बाई सरकार कसं चालतं ते शिकवत होत्या. सगळा वर्ग म्हणजे संसद, बाई म्हणजे राष्ट्राध्यक्ष. पोरांनी बिल मांडायचं, वाद घालायचा, हात वर करून मत द्यायचं. पास झालं की बाईंची सही. सही झाली की वर्गात तो खरंच कायदा, भिंतीवर लागतो. सोमवारी गृहपाठ नाही, या बिलावर सही मिळाली नव्हती. जेवणाच्या सुट्टीत पाच मिनिटं जास्त, यावर मिळाली आणि पोरं खरोखर पाच मिनिटं जास्त खेळली. मी पाहिलंय.

डिएगो उठला. पुढे जाऊन उभा राहिला, कागद दोन्ही हातांत. सगळ्यांसमोर, बाईंसमोर, मोठ्याने वाचलं. अडखळला, पण थांबला नाही. "मित्राने जूनपर्यंत कुठंही जायचं नाही. कुणी तिला पाठवायचं नाही."

"मत घ्या," पोरं ओरडली. सगळे हात वर. एकच हात खाली. मित्राचा.

बाई म्हणाल्या, "मित्रा, तुझा विरोध आहे?"

"हो. यात फक्त माझंच नाव आहे. डिएगोच्या पप्पांचं नाही. एकटीसाठी कायदा नको."

डिएगोने कागदाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. तिथंच भिंतीला कागद टेकवून पप्पांचं नाव लिहिलं. मग एक पोरगी उठली आणि आपल्या आजीचं नाव घालून आली. आजी नाताळात वारली होती. कुणी सैन्यातल्या भावाचं लिहिलं. कुणी आईचं, आई दुसऱ्या गावी वेगळी राहते. रांग लागली. बाईंनी कुणाला थांबवलं नाही. सगळं झाल्यावर परत मत घेतलं. या वेळी मित्राचाही हात वर.

डिएगोने कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. "आता सही."

मिसेस पार्करांनी पेन उचललं. कागद वरपासून खालपर्यंत वाचला. पेन टेकवलं, उचललं. पुन्हा टेकवलं. मग मान वर न करता म्हणाल्या, "हे पेन चालत नाहीये."

आख्ख्या वर्गाने आपापली पेनं पुढे केली. मीही खिशातलं काढून उभा राहिलो.